म्हातारीची हाळी

काल्याच्या कीर्तनात गाई येतात त्या शब्दांच्या वाटेनं. बुवा सांगतात, ऐकणाऱ्याला दिसतात, हंडी फुटली की माणसं प्रसाद घेऊन घरी जातात आणि गाई जिथल्या तिथं राहतात. मोरखिंडीत त्या वर्षी त्या पायांनी चालत आल्या.

माघातल्या सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. ऊन मांडवाच्या कापडातून नुकतं झिरपायला लागलेलं. पुढं महादेवबुवा उभे, गळ्यात हार, हातात चिपळ्या. मागं टाळकऱ्यांची रांग. रांग आपली म्हणायची, होते पाचजण. गावातली तरणी माणसं पुण्याला आणि इचलकरंजीला गेलेली. जे राहिले त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे गेलेले. उजव्या टोकाला दशरथ खोराटे. साठी ओलांडलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. आयुष्यात तो बुवांच्या पुढं कधी उभा राहिला नव्हता आणि त्याला राहायचंही नव्हतं. बुवांनी ओळ सोडली की ती खाली पडू न देता उचलायची, एवढंच त्याला येत होतं आणि त्यातच त्याचा सगळा आनंद होता.

"देवानं झाडावर चढून हाळी दिली," बुवा सांगत होते, "आणि चरता चरता गाईंनी मान वर केली. तोंडातला घास तोंडातच ऱ्हायला! कान टवकारले, आणि निघाल्या, माउली, निघाल्या..."

टाळ कडाडले. सर्जेराव सुताराच्या पखवाजावर थाप पडली. गजर उभा राहिला. मागच्या बाजूला बसलेल्या बायका एकेक करून उठायला लागल्या. बुवांना वाटलं, रंग चढला. ते हात वर करून हसत म्हणाले, "बसा आई, बसा. गाई अजून यायच्या हाईत."

"बुवा," कुणीतरी कोरड्या आवाजात म्हणालं, "आल्या."

उसाच्या फडातून गवे बाहेर पडत होते. काळेभोर, पाठीवर डोंगराची धार असावी तसे खांदे, गुडघ्याखाली पांढरे पाय. गवा माणसाला बुजतो. भर सकाळी, एवढ्या गर्दीसमोर तो कधी येत नाही. पण हे येत होते. धावत नव्हते. मान खाली, कान पुढं, एखादी हरवलेली वस्तू हुडकत यावं तसे. भीतीनं टाळ थांबले, तसे तेही थांबले. दशरथनं ते नीट पाहिलं. मग कुणीतरी हंडीसाठी आणलेल्या फटाक्यांची माळ पेटवली.

पुढचं काही क्षणांतच झालं. मांडवाचे खांब आडवे झाले, माणसं देवळात घुसली. सर्जेराव पखवाज वाचवायला वाकला आणि त्याचा उजवा हात खुराखाली सापडला. पखवाज वाचला. हात पुन्हा पखवाजावर बसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

*

गावाच्या वर, जंगलाच्या कडेनं खांब उभे होते. गावात त्या खांबांना 'म्हातारी' म्हणत. त्यामागची गोष्ट अशी.

गव्यांच्या कळपाला पुढारी असते ती एखादी जुनी, जाणती मादी. पाणी कुठं, धोका कुठं, परत कधी फिरायचं, हे तिला ठाऊक असतं. ती घशातून खोल, घुमणारा आवाज काढते. तो माणसाच्या कानाला जेमतेम लागतो, पण रानातून फार लांब जातो, कारण खोल आवाज झाडाझुडपांत विरत नाहीत. ती हाळी आली की कळप तिच्याकडं वळतो. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पातल्या माणसांनी मोरखिंडीच्या कळपातल्या अशा म्हातारीची हाळी महिनाभर टिपली आणि एका शिकणाऱ्या यंत्राला ऐकवली. यंत्रानं तो आवाज इतका आत्मसात केला, की कळप उसाकडं उतरायला लागला की रानाच्या बाजूचे खांब म्हातारीच्या आवाजात हाक मारत आणि कळप मागं फिरे. तारा नाहीत, चर नाहीत, गोळी नाही. माळ्यावर बसून डबे बडवणं संपलं. गावाला रात्रीची झोप मिळाली.

एक गोष्ट मात्र गेली, आणि ती जाताना कुणाच्या ध्यानात आली नाही. राखणीच्या दिवसांत या फडावरून त्या फडावर माणसं एकमेकांना हाका मारत, मधूनच कुणी अभंग उचले, पलीकडच्या माळ्यावरून दुसरा त्याला साथ देई. आता सगळे आपापल्या घरात निजत. दशरथला या खांबांची देखभाल मिळाली होती. वेली कापायच्या, सौरपट्ट्या पुसायच्या. काम बरं होतं, पण खांब काही बोलत नाहीत.

आदल्या पावसाळ्यात खरी म्हातारी मेली. वय झालं होतं, ओढ्याकाठी आडवी झाली. कळप तिच्याभोवती बराच काळ उभा राहिला, तिला हुंगत राहिला. त्यानंतर खांबांनी हाक मारली की गवे नुसती मान वर करत. जात नसत. आणि संध्याकाळचे ते गावाकडं सरकू लागले.

*

सप्ताहानंतर डॉक्टर शर्वरी तांबट आल्या. प्रकल्पाच्या सुरुवातीपासून त्या होत्या. तेव्हा कॉलेजातून नुकत्या बाहेर पडलेल्या, आता केसांत एखादी पांढरी रेघ. दशरथच्या सोप्यात बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर आवाजाचं चित्र होतं. खाली जाड, काळा पट्टा. त्याच्यावर बारीक उभ्या रेघा, पावसाच्या सरींसारख्या.

"हा खालचा पट्टा म्हणजे म्हातारीची हाळी," त्या म्हणाल्या. "आम्ही इतकी वर्षं तेवढाच ऐकत होतो. या वरच्या रेघा तिच्या आवाजाचीच लकब आहे असं यंत्रानं धरलं, कारण प्रत्येक हाळीत त्या होत्या. जे प्रत्येक वेळी असतं ते यंत्र मूळ गोष्टीचा भाग समजतं. काल मी नुसत्या रेघा वेगळ्या काढल्या. ऐकता?"

त्यांनी बटण दाबलं.

दशरथ ऐकत राहिला. आवाज पुसट होता, पत्र्यावर वाळू पडावी तसा. पण मध्ये एक ठोका होता, जो समेवर न पडता तिच्या जरासा मागून पडत होता. पुन्हा आला. पुन्हा मागून.

"शंकरनाना," दशरथ म्हणाला.

"कोण?"

"माझं चुलतं. आख्खा जन्म त्यांचा टाळ मागनं पडला. बुवांनी किती येळा सांगितलं, पर न्हाई सुधारला. चार वर्सं झाली त्यास्नी जाऊन. हे आमचं सांजंचं भजन हाय, मॅडम."

शर्वरीबाईंनी कपाळाला हात लावला. "यंत्र बसवताना मी गावसभेत विचारलं होतं. संध्याकाळी इथं काही आवाज असतो का? गिरणी, पंप, लाऊडस्पीकर? सगळे म्हणालात, काही नाही, गाव शांत आहे."

"शांतच हाय की."

"काका, रोज टाळ-पखवाज वाजतोय!"

दशरथ गोंधळून त्यांच्याकडं पाहत राहिला. त्याला खरंच कळेना. भजन म्हणजे आवाज, हे त्या सभेत कुणाच्याच मनात आलं नव्हतं. महादेवबुवांनीच पहिल्यांदा मान हलवली होती आणि सगळ्या गावानं त्यांच्यामागून. यंत्राचा माईक, ज्याला गावात 'कान' म्हणत, तो देवळाच्या शिखराला बांधला होता, गावातली उंच जागा म्हणून. खाली भजन चालायचं, वर खिंडीत म्हातारी हाळी द्यायची, आणि तो कान दोन्ही एकत्र ऐकायचा.

"म्हणजे इतकी वर्सं खांबातनं आमीबी बोलवत हुतो त्यास्नी?"

"हो. कळपासाठी हाळीचे दोन भाग झाले. एक म्हातारीचा, एक तुमचा. म्हातारी मेली हे त्यांना कळलं. खांबातला आवाज रोज तसाच्या तसा येतो, त्यात जीव नाही हेही कळलं. पण दुसरा भाग रोज गावातून येतोय. कधी जोरात, कधी हळू, कधी चुकत. जिवंत आवाज असतो तसा. त्यांच्या लेखी म्हातारीचं एवढंच उरलंय." त्यांनी लॅपटॉप मिटला. "ते तिला शोधत येतात, काका."

त्या गेल्यावरही ते पुसट टाळ दशरथच्या कानात वाजत राहिले. म्हातारीची हाळी टिपली त्या महिन्यातली रांग देवळाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत पुरायची. शंकरनाना होते, गवळ्याचा जोती होता, सुताराचे दोघे भाऊ होते. त्यातलं आता कोण होतं? यंत्राला माणसं ओळखता येत नव्हती, पण सगळी सांभाळून ठेवली होती त्यानं.

*

वनखात्याचा वरून हुकूम आला: कळप पकडून लांबच्या बंदिस्त आवारात हलवायचा. दुसरा उपाय असेल तर पुढच्या माघापर्यंत करून दाखवा, नाहीतर ट्रक येतील.

देवळात सभा भरली. सरपंच वंदनाताई मध्ये, शर्वरीबाई खांबाला टेकून. त्या म्हणाल्या, "गवा दिसायला एवढा मोठा, पण पकडला की भीतीनंच जातो. निम्मे तरी पोचणार नाहीत. आपण त्यांची सवय मोडू शकतो. टाळ वाजला, ते आले, तिथं म्हातारी नाही, काहीच नाही. असं पुन्हा पुन्हा झालं तर टाळाचा अर्थ त्यांच्या डोक्यातून पुसला जाईल. मग ते आपल्यातली दुसरी एखादी मादी निवडतील. एक कान फाटलेली मादी आहे, कानफाटी, तिच्यात ते दिसतंय. पण हे गावात करता येणार नाही. आणि तोवर गावात टाळ वाजता कामा नये."

देऊळ एकदम उसळलं.

"गवं न्यावा की मग! आमचा काय त्यांच्यावर जीव अडकलाय?"

"सप्ताह बंद? खुळी का काय ही बाई?"

दशरथ उठला. सभेत तो कधी उठत नसे, म्हणून लोक जरा गप्प झाले. "टाळ मी भैरीच्या सड्यावर नेतो," तो म्हणाला. वर जंगलात तो मोकळा, खडकाळ माळ होता. "सांजंचं भजन तिथं करतो. गवं तिथं येतील. गावात तेवढं माघापतोर थांबूया."

"दशरथा," महादेवबुवांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "भजन थांबवा म्हणणारा तू?"

"थांबवा न्हाई म्हणत, बुवा. जागा बदलूया म्हणतोय."

"आन् तुझ्यामागं धुरपद धरणार कोण? गवं?"

हशा झाला. कुणीतरी ओरडलं, "दशरथबुवा गवळी!" पुन्हा हशा.

सर्जेराव हसला नाही. गळ्यात अडकवलेला हात त्यानं दुसऱ्या हातानं वर उचलून दाखवला. "ह्यो बघ. आन् तू त्यांची वकिली करालायस? मर्दा, लहानपणापास्नं तुझ्या शेजारी उभा ऱ्हायलो मी."

"सर्जा, ती तुला तुडवाय आली नव्हती. आमीच बोलवली. आमीच बोलवायची आन् आल्यावर ट्रकात घालायची, हे देवाच्या दारात बसून कसं बोलायचं, तूच सांग."

सर्जेरावानं हात पुन्हा गळ्यातल्या झोळीत ठेवला. वंदनाताईंनी माघापर्यंत म्हणून हात वर करायला लावले. हात वर झाले, पण त्यात प्रेम नव्हतं. तुझं एकदाचं होऊ दे, असे ते हात होते. महादेवबुवा उठले, वीणा खांद्याला लावली आणि दशरथ "रामकृष्णहरी" म्हणत वाकला, तर त्याच्या बाजूनं तसेच निघून गेले.

*

"म्हंजे आता तुमी गव्यास्नी कीर्तन सांगणार," मालन फोनवर म्हणाली.

मालन दशरथची बायको. नात झाल्यापासून ती पुण्यात लेकाकडं, नितीनकडं राहत होती. सुरुवातीला चार महिने म्हणून गेली होती.

"कीर्तन न्हाई गं. नुसता टाळ."

"नितीननं तुमच्यासाठी खोली रिकामी केलीया. ईरा रोज इचारती, आजोबा कवा येणार. आन् तुमी रानात जाऊन बसणार. माणसं हसत असतील."

"हसत्यात."

"मग?"

"आगं, ती टाळ ऐकून येत्यात. आईचा आवाज म्हणून येत्यात. कुणीतरी तिथं असाय नको?"

पाठीमागं नितीनच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मी यीऊ का तिथं? दोगं बसू."

दशरथच्या तोंडात 'ये' आलंच होतं. पण शर्वरीबाईंनी बजावलं होतं: एकच माणूस. हालचाल नाही, वास जास्त नाही, आल्यावर त्यांच्याशी बोलायचं नाही, खायला घालायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. ते आले की टाळ बंद. तुम्ही त्यांच्यासाठी कुणीही नसायला पाहिजे, काका.

"नको," तो म्हणाला. "तिथं माणूस चालत न्हाई."

"तुमी कोण हाय मग?"

तिनंच फोन ठेवला.

*

सड्यावर पत्र्याची खोप उभी केली होती. दशरथ दुपारी चढून जाई. ऊन कलंडलं की खोपीच्या दारात उभा राही आणि टाळ वाजवी.

पहिल्या दिवशी त्याचा हात उचलेना. पुढं बुवा नाहीत, शेजारी खांदा नाही. ओळ कुणी टाकायची आणि कुणी उचलायची? शेवटी त्यानं स्वतःच म्हटलं आणि स्वतःच मागून धरलं. आवाज खडकावरून पसरत गेला आणि पलीकडच्या झाडीत मुरला. कुठूनही काही परत आलं नाही. देवाचं नाव एकट्यानं घेता येतं, सगळे संत एकांताचं सांगतात. पण भजनाला दुसरं माणूस लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

झाडी हलली. ते आले. कडेला उभे राहिले, कान पुढं. त्यानं टाळ थांबवला, नजर जमिनीवर ठेवली. फुत्कार ऐकू येत होते, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास येत होता. एक वासरू आईच्या पोटाखालून डोकं काढून पाहत होतं; न बघायचं ठरवूनही त्याला ते दिसलंच. मग ते पाठ फिरवून गेले. जाताना त्यांच्या चालीत जी निराशा होती ती त्याला ओळखीची वाटली. बसथांब्यावर कुणाला आणायला जावं आणि गाडीतून ते माणूस उतरूच नये, तशी.

उन्हाळा गेला. ते रोज येत, रोज जात. शर्वरीबाई फोनवर म्हणत, "छान चाललंय, काका. त्यांच्या गळ्यात बांधलेल्या रेडिओ-पट्ट्यांवरून दिसतंय, यायला वेळ लावायला लागलेत." दशरथ हूं म्हणे. खाली गावात उतरला की त्याच्याशी कुणी फार बोलत नसे. देवळात सांजेला नुसता दिवा लागे. बुवा बहिणीच्या गावी जाऊन राहिले होते.

श्रावणात सडा धुक्यात बुडाला. कित्येक दिवस दशरथला खोपीच्या दारापलीकडचं दिसलं नाही. धुक्यात ते जवळ येत, अगदी हाताच्या अंतरावर. श्वास ऐकू येई आणि अंग दिसत नसे. अशाच एका सांजेला त्याला वाटलं, काय हे? एवढ्या पावसापाण्यात रोज कीर्तनाला येतात आणि आपण त्यांना तोंडातून शब्दही न काढता लावून देतो. कीर्तनाला आलेला पाहुणा प्रसादाशिवाय कधी गेलाय? त्यानं डब्यातला गूळ फोडला आणि मोठ्या दगडावर ठेवला. जराशी साखर, चार चुरमुरेही.

आणि मग तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा, बुवांसारखा पुढं उभा राहून. काय बोलला ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. मालनबद्दल, शंकरनानांच्या टाळाबद्दल, सगळ्यांना हाका मारणाऱ्या देवाबद्दल. धुक्यातून कुणीतरी गूळ चाटल्याचा खरखरीत आवाज आला.

दुसऱ्या दिवशीही त्यानं गूळ ठेवला. तिसऱ्याही.

त्याच आठवड्यात शर्वरीबाई चिखल तुडवत वर आल्या. त्यांनी छत्रीही मिटली नाही.

"काका, कळप दुपारपासनं सड्याला येऊन थांबतोय. टाळाची वाटसुद्धा बघत नाही. काय करताय तुम्ही?"

दशरथनं दगडाकडं बोट दाखवलं. "प्रसाद."

"प्रसाद!"

"मॅडम, कीर्तनाला आलेल्याला..."

"अहो, हे कीर्तन नाही!" त्यांचा आवाज फाटला. "टाळ म्हणजे काही नाही, हे त्यांना शिकवायचं होतं. तुम्ही शिकवलंत, टाळ म्हणजे गूळ. म्हणजे आई. म्हणजे या. उद्या गावात कुणी टाळ वाजवला तर ते दारात येतील, आणि ट्रक येतील ते थेट यांच्यासाठी. सगळं सहा महिने मागं गेलं." त्या खोपीच्या उंबऱ्यावर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला कळतं हो. माझी आजीसुद्धा कुणाला रिकाम्या हातानं जाऊ देत नसे. पण यांना तुम्ही रिकाम्या हातानंच पाठवायला हवं. तुमची माया त्यांना मारील."

त्या उतरून गेल्यावर दशरथनं दगड धुतला. पाण्यानं, मग चिखल घासून, मग पुन्हा पाण्यानं. गुळाचा चिकटपणा जाता जाईना.

मालनला त्यानं फोनवर सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

"मला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "दारात आलेल्या भांडीवालीला जेवाय घातल्याशिवाय सोडलं न्हाई तुमी. पर ऐका. नितीन जायाला निघाला तवा तुमी त्येला अडवलं न्हाई. मला सुदिक. मी आत रडत हुते आन् तुमी पिशवी उचलून यष्टीत ठिवली. तसंच करा."

*

त्यानंतर तो खरोखर कुणीही राहिला नाही. टाळ वाजवी, ते आले की थांबे, दगडासारखा बसून राही. पहिले काही दिवस ते दगड हुंगत, खोपीपर्यंत येत. एकदा वासरानं त्याच्या पायाशी नाक आणलं. उष्ण श्वास पोटरीला लागला. दशरथनं डोळे मिटून घेतले आणि हाताची मूठ आवळून धरली. आश्विनात ते कडेलाच थांबू लागले. कार्तिकात एखाद्या दिवशी येत, एखाद्या दिवशी नाही. त्या मोकळ्या दिवशी तो वाजवायचं तेवढं वाजवी आणि खोपीत जाऊन बसे. नाव चालू ठेवी, मनात.

मग माघ तोंडावर आला आणि परीक्षा ठरली. ट्रक घाटाखाली येऊन उभे होते. साहेब लोक खाली गाडीत बसून पडद्यावर कळपाच्या खुणा पाहणार होते. दशरथनं आज टाळ पूर्ण जोरानं वाजवायचा, सप्ताहात वाजवतात तसा. कळप सड्यावर आला तर उद्या पकडायला सुरुवात. आला नाही तर ट्रक रिकामे जातील.

"कितीही वाजवा, काका," शर्वरीबाई फोनवर म्हणाल्या. "आज हात राखू नका. राखलात तर परीक्षा खोटी ठरेल."

कळप झाडीच्या कडेशी, लांबवर चरत होता. दशरथ उभा राहिला. मनात देवाला म्हणाला, येऊ देऊ नको रे. आणि टाळ उचलला.

किती महिन्यांनी तो मोकळा झाला होता. हात उघडले आणि आवाज आभाळाला भिडला. तो गायला लागला. बुवांची ओळ, रांगेचं धुरपद, शंकरनानांचा मागून पडणारा ठोका, सगळं त्यानं एकट्यानं उभं केलं. घाम आला, उपरणं घसरलं, पाय आपोआप नाचू लागले. आणि मनाच्या तळाशी, देवाला नुकतं सांगितलं होतं त्याच्या अगदी उलट, एक इच्छा वर आली: या. एकदा या. शेवटचं.

गव्यांनी माना वर केल्या. कान पुढं झाले. तोंडातला घास तोंडातच राहिला. एकानं पाऊल उचललं, मग दुसऱ्यानं. दशरथनं हात राखला नाही.

तेवढ्यात कानफाटी कळपातून बाजूला झाली. तिनं मान लांब केली आणि हाळी दिली. खोल, थोडी अडखळती, नवशिकी. ती कानाआधी छातीला जाणवली. कुठल्याच यंत्रानं ती कधी ऐकली नव्हती.

कळप क्षणभर दोन आवाजांच्या मध्ये उभा राहिला. मग वळला. मोठे वळले, माद्या वळल्या. ते वासरू, जे आता वासरू राहिलं नव्हतं, सगळ्यांत शेवटी वळलं. काळ्या पाठी एकामागून एक झाडीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

फोन वाजला. शर्वरीबाईंना धड बोलता येत नव्हतं. "काका... गेले! विरुद्ध दिशेला गेले. ट्रक फिरवतायत. गावात सांगू का? सप्ताह होणार म्हणून सांगू?"

"सांगा," दशरथ म्हणाला. "बुवास्नी आधी सांगा."

"तुम्ही बरे आहात ना?"

"आवरतो आन् येतो."

कीर्तन अर्ध्यावर टाकायचं नसतं. त्यानं गजर पुरा केला, कापूर लावला, आरती म्हटली, टाळ फडक्यात गुंडाळले. आता एकच राहिलं होतं. कीर्तन संपलं की लहानथोर न पाहता शेजारच्याच्या पाया पडायचं, तो आपल्या पडतो, मग त्याच्या पलीकडच्याच्या, असं सगळ्या मांडवाला भेटून घरी जायचं. दशरथनं सवयीनं शेजारी पाहिलं.

मग तो सडा ओलांडून गेला. कडेच्या ओलसर मातीत खुरं उमटली होती. पहिल्या खुरापाशी तो गुडघ्यावर बसला, हात लावला, कपाळाला नेला. पुढच्यापाशी गेला. मग त्याच्या पुढच्यापाशी. एकही वगळलं नाही. झाडी सुरू झाली तिथं थांबला.